बारा दिव्यांचं प्रकरण

दिनांक सतरा जून रोजी सायंकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी धाराशिव येथील रामहरी सुरवसे यांच्या दिवाणखान्याच्या छतातला, दारापासून तिसरा स्पॉटलाईट कर्तव्य बजावत असताना वारला. पूर्वसूचना त्यानं दिलेली नव्हती. एकदा लुकलुकला, बारीक 'टिक्' केलं आणि गेला. त्या वेळी त्याच्या बरोब्बर खाली सतरंजीवर रामहरींच्या पत्नी सिताबाई सुईत दोरा ओवत होत्या. दोरा सुईच्या नेढ्यापाशी आला होता. तिथंच राहिला.

"आवो, दिवा गेला बघा," सिताबाई म्हणाल्या. "उद्या गावात गेलाव तर एक बल्ब घेऊन या."

रामहरींनी वर पाहिलं, घड्याळात पाहिलं आणि वेळ लिहून घेतली.

"असा कसा घेऊन येऊ?" ते म्हणाले. "प्रकरण तयार करावं लागंल."

आता हे रामहरी कोण, ते सांगायला हवं. चौतीस वर्षं ते एका खात्यात होते. खात्याचं नाव सांगत नाही; उगाच बाकीच्या खात्यांना वाटायचं, आपण सुटलो. कारकून म्हणून चिकटले आणि कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. एवढ्या वर्षांत त्यांच्यावर एकही ठपका आला नाही, कारण एकाही कागदावर त्यांनी शेवटची सही केली नव्हती. कागद आला की खाली 'वरिष्ठांच्या आदेशार्थ सादर' असं वळणदार अक्षरात लिहायचं आणि वर ढकलायचा. निरोप समारंभात साहेब भाषणात म्हणाले की सुरवशांनी आयुष्यात एकही चुकीचा निर्णय घेतला नाही. टाळ्या पडल्या. बरोबर निर्णय कोणता घेतला, हे विचारायला तिथं कुणाला सवड नव्हती, कारण पलीकडं जेवणाची पंगत बसली होती. त्या समारंभातलं पितळी मानचिन्ह दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये होतं, आणि छतातला बारावा दिवा खास त्याच्यावर सोडलेला होता.

बारा दिवे ही त्या घराची शान होती. घर बांधलं तेव्हा मिस्त्री म्हणाला होता, "सायब, पुण्याकडं सगळे असंच करत्यात." पुण्याकडचं नाव निघाल्यावर धाराशिवचा माणूस काय बोलणार? छताला पीओपी झालं आणि त्यात पन्नास-पन्नास वॅटचे बारा हॅलोजन बसले. बारा एकदम लावले की पाहुण्याच्या हातातला चहा गार होत नसे, पाहुणाच वितळायला लागे. सिताबाई म्हणत, खाली शेंगा पसरून ठिवल्या तर सकाळपर्यंत भाजून निघतील.

स्वयंपाकघरात मात्र एकच बल्ब होता, आणि तो गेल्या दिवाळीत गेला होता. त्याची नोंद रामहरींनी 'किरकोळ' या सदरात घेऊन ठेवली होती. दिवाणखान्यातला उजेड दारातून जेवढा आत पडे, तेवढ्यात सिताबाई भाकरी थापत. मिठाचा डबा कोपऱ्यात, अंधारात होता. "मिठाचा अंदाज हाय मला," त्या म्हणत, आणि खरोखर होता.

आता सुईचं. मोनिका, त्यांची एकुलती एक लेक, उमरग्याहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा लागला होता. सिताबाईंच्या माहेरची रीत अशी, की बारशाला लेकरू पाळण्यात घालायचं ते आजीनं स्वतः शिवलेल्या वाकळीवर. जुन्या लुगड्यांचे थर लावायचे आणि बारीक टाक्यांनी एक करायचे. सिताबाईंनी पाच लुगडी निवडली होती. त्यातलं एक त्यांच्या मेलेल्या आईचं इरकल होतं. एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं राहिलं होतं. दिवसभर स्वयंपाक, धुणंभांडी, लेकीचं डिंकाचं-मेथीचं. हाताला उसंत मिळे ती दिवेलागणीनंतर. बारशापर्यंत वाकळ व्हावी, एवढंच त्या बाईचं मागणं होतं. मागणं तोंडी होतं, हीच काय ती त्यातली त्रुटी.

दुसऱ्या दिवशी शंभू आला. स्टँडामागं त्याचं विजेच्या सामानाचं दुकान. शिडीवर चढून त्यानं छतातल्या भोकात हात घातला आणि वरूनच निकाल दिला.

"सायब, हे हॅलोजन आता कुणी लावत न्हाय. एकेकटा पन्नास वॅट खातंय. पाच वॅटचे एलईडी लावू, उजेड तेवढाच पडतो. बाराच्या बारा बदलू. आन् वरचा चोक बी बदलावा लागंल."

"चोक कशापायी?"

"जुना चोक जास्त खाणाऱ्याच्या सवयीचा हाय. खाली कमी खाणारा लावला की ह्यो कामच करत न्हाय. लुकलुकतो, रुसतो, बंद पडतो."

रामहरींनी समजून मान डोलावली. असे वरिष्ठ त्यांनी पाहिले होते.

"अर्ध्या घंट्याचं काम हाय," शंभू म्हणाला. "आत्ताच करू का?"

'आत्ताच' हा शब्द ऐकून रामहरींनी लगेच वही उघडली. "पाचच वॅटचा का?" त्यांनी विचारलं. "तीनचा का नाही? सातचा का नाही?"

शंभूनं पिशवीतून एक खोकं काढून दाखवलं. "ह्याच्यावर दोन आकडे असत्यात, सायब. वॅट म्हंजे खातो किती. लुमेन म्हंजे उजेड देतो किती."

खाणं आणि देणं एकाच खोक्यावर छापलेलं रामहरी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. त्यांनी पहिला आकडा वहीत उतरवून घेतला. दुसऱ्यासाठी त्यांच्या तक्त्यात रकानाच नव्हता.

"हे सगळं लेखी द्या," ते म्हणाले.

शंभूनं वीस वर्षांत लेखी काही दिलं नव्हतं. त्यानं खिशातली लग्नपत्रिका काढली आणि मागच्या बाजूला लिहिलं, 'बल्ब बदला. शंभू.' हा तांत्रिक अहवाल पान क्रमांक एक म्हणून फायलीला लागला. फाईल तांबड्या कापडाच्या बस्त्यात गेली. निवृत्त होताना रामहरींनी कचेरीतून आठवण म्हणून तो रिकामा बस्ता तेवढा मागून घेतला होता.

"तवर जुना एखादा तरी बसवा की," सिताबाई म्हणाल्या.

"प्रकरण चालू असताना जुनी खरेदी करता येत नसती. ऑडिटला आक्षेप येतो."

"घरात कोण येतंय ऑडिटला?"

"तेच तर! कोण येईल ते आधी कळत नाही."

सिताबाईंनी कपाळाला हात लावला आणि सतरंजी चौथ्या दिव्याखाली ओढली.

रविवारी समिती नेमली गेली. रामहरी सदस्य सचिव. अध्यक्ष होण्याचं त्यांनी नम्रपणे टाळलं, कारण अध्यक्षाला सही करावी लागते; ते पद भरलंच नाही. तांत्रिक सदस्य म्हणून सिताबाईंचे थोरले भाऊ हिंमतराव आले. ते साखर कारखान्यात बॉयलरवर होते. बॉयलर म्हणजे आग आणि आग म्हणजे उजेड, अशी त्यांची पात्रता. महिला सदस्याची जागा रिकामी राहत होती, तेवढ्यात शेजारच्या कस्तुराबाई दुधाची कासंडी घेऊन दारात आल्या. दोन म्हशी आणि दोन खोल्या एवढाच त्यांचा संसार. रामहरींनी कागद पुढं केला.

"ही सही कशाची म्हणावी, रामहरीभाऊ?"

"उजेडाची."

"उजेडाची व्हय? मग करते की बाई," म्हणून त्यांनी सही ठोकली आणि दूध मोजून त्या गेल्या.

पहिल्या बैठकीला सिताबाईंनी भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता. गणसंख्या पूर्ण होती, पण लाईट गेली होती. ऊर्जा बचतीचा विषय विजेअभावी तहकूब झाला आणि सुशीला संपला. दुसऱ्या बैठकीत मात्र ठोस काम झालं. 'ज्याचे वॅट सर्वात कमी, तो पात्र' असा नियम एकमतानं मंजूर झाला. किमान तीन नमुने तपासल्याशिवाय पुढं जायचं नाही, हेही ठरलं. मग हिंमतरावांनी रंगाचा मुद्दा काढला.

"दाजी, पांढरा उजेड नगं. दवाखान्यात बसल्यावाणी वाटतंय."

"आणि पिवळ्यात सगळ्यांना कावीळ झाल्यागत दिसतं, त्याचं काय?"

"आण्णा, दोघांच्या मधला पण मिळतो," आतून मोनिका म्हणाली. तिला वाटलं, वाद मिटेल. पोरीला अनुभव नव्हता. मधला आल्यामुळं तक्त्यात तिसरा रकाना वाढला आणि काम तीन आठवडे पुढं गेलं.

"मला इचाराल का कुणी?" सिताबाई म्हणाल्या. "दोरा तांबडा हाय का हिरवा, एवढं दिसलं तरी बास झालं मला."

रामहरींनी हे वाक्य 'लाभार्थीचे मनोगत' या मथळ्याखाली लिहून घेतलं आणि फायलीत सगळ्यात शेवटी लावलं.

नमुन्यांची चाचणी जुलैच्या शेवटी झाली. चाचणी निःपक्षपाती व्हावी म्हणून तीन चालू हॅलोजन उतरवले आणि त्यांच्या जागी शंभूनं वेगळा चोक लावून सात, पाच आणि तीन वॅटचे एलईडी बसवले. बटण दाबलं. काय लख्ख उजेड पडला म्हणता! सिताबाई लगबगीनं सुईदोरा घेऊन पाच वॅटच्या खाली बसल्या. पहिल्या झटक्यात सुई ओवली. आईच्या इरकलाच्या काठावर त्यांनी वीतभर टाके घातले, एक वाकडा नाही. "बाई गं," त्या म्हणाल्या, "माझा डोळा नव्हं, ह्यो दिवाच अधू होता!" आणि त्या पोरीसारख्या हसल्या.

"चाचणी समाप्त," रामहरी म्हणाले.

नमुने उतरवले गेले. तपासलेला नमुना वापरात ठेवता येत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. तिन्ही बल्ब पाकिटात घालून, लाखेचं सील लावून कपाटात गेले. उतरवलेले तीन हॅलोजन परत बसवले, तर त्यांनी रुजू व्हायला नकार दिला. म्हणजे चालू दिव्यांची संख्या चाचणीनंतर एकदम तीननं खाली आली, आणि विजेची बचत तेवढ्यानं वर गेली. रामहरींनी ही प्रगती नोंदवली.

त्यानंतर एकेक दिवा जातच राहिला. सगळे एका वयाचे होते, जाणारच. चौथा गेला तेव्हा सिताबाईंची सतरंजी पाचव्याखाली गेली, पाचवा गेला तेव्हा टीव्हीजवळच्या सहाव्याखाली. बाई आणि वाकळ दोघी मिळून दिवाणखानाभर फिरत होत्या. भटक्या मेंढरांना तरी कुठं चारा आहे ते ठाऊक असतं. इथं पुढचा दिवा कोणता टिकेल ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

श्रावणात जावई आले. स्वानंद उमरग्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचे. सासूबाईंची परवड पाहून त्यांना कळवळा आला आणि त्यांनी भेट म्हणून मोबाईलवर चालणारा बल्ब आणला. जावयाच्या भेटीला समिती आडवी येत नाही. शंभूनं वायर जोडून दिली. बल्ब मोबाईलवर लागायचा, मोबाईलवर विझायचा, सोळा रंग दाखवायचा. सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. तिसऱ्या दिवशी स्वानंद मोबाईल घेऊन उमरग्याला परत गेले.

त्या दिवसापासून धाराशिवच्या दिवाणखान्यातला दिवा उमरग्याहून लागू लागला.

"जावईबापू," सिताबाई फोन करत, "कामात न्हाईत नव्हं? जरा दिवा लावता का? सुई ओवायची हाय."

स्वानंद लावत, माणूस सालस होता. पण कधी ते तास घेत असत, कधी हायवेवर गाडी चालवत असत. उमरग्याला रेंज गेली की धाराशिवला अंधार होई. एकदा त्यांनी गडबडीत जांभळा रंग दाबला आणि फोन चार्जिंगला लावून जेवायला बसले. तांबडा दोरा काळा दिसला, हिरवाही काळा दिसला, आणि सिताबाईंनी टीचभर शिवलेलं सकाळी उसवलं.  मोनिकानं आईला डोळे पुसताना पाहिलं आणि नवऱ्याला फोनवर सोलून काढलं. रामहरींनीही 'गृहप्रकाशात बाह्य हस्तक्षेप' अशी टिप्पणी लिहून तो बल्ब उतरवला. तोही सील झाला.

पोळ्यानंतर एकच दिवा राहिला. बारावा, मानचिन्हावरचा. सिताबाई शोकेसला पाठ लावून बसू लागल्या. वाकळ आता तीन बाजूंनी झाली होती. चौथी बाजू आणि किनार राहिली होती. रामहरी समोर खुर्चीत बसून फाईल चाळत. अधूनमधून ते मानचिन्हाकडं पाहत आणि सिताबाईंना म्हणत, "जरा डोकं बाजूला घे, सावली पडती."

एका मंगळवारी बारावाही गेला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला समितीची तातडीची बैठक दारात, उरल्यासुरल्या उजेडात झाली. रामहरींनी तुलनात्मक तक्ता वाचला. सात वॅटचे बारा दिवे म्हणजे चौऱ्याऐंशी. पाचचे बारा, साठ. तीनचे बारा, छत्तीस. सद्यःस्थिती, शून्य. ते थांबले. पुन्हा वाचलं. शून्यच होतं.

"हिंमतराव, नियम काय म्हणतो?"

"ज्याचे वॅट सर्वात कमी, तो पात्र."

"मग?"

हिंमतरावांनी तक्त्यावर बोट फिरवलं. "दाजी, पण ह्यो तर अंधार हाय!"

"अंधार असो नाहीतर आणखी काही. नियमात बसतो का नाही?"

बसत होता. काय करता? बारकाईनं पाहिलं तसतसा तो अधिकच चांगला बसायला लागला. त्याला पुरवठादार लागत नव्हता, हमीपत्र लागत नव्हतं, चोक बदलायचा नव्हता. तो पिवळा नव्हता, पांढरा नव्हता, मधलाही नव्हता. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तो लागू करायला कुणाच्या आदेशाची गरज नव्हती. आपोआप लागू झालेला होता. नोकरीची चौतीस अधिक निवृत्तीचं एक अशा पस्तीस वर्षांत ज्याच्याखाली सही लागत नाही असा निर्णय रामहरींना पहिल्यांदाच भेटला होता. त्यांचे डोळे पाणावले. अंधार एकमतानं पात्र ठरला. कस्तुराबाई दूध घालायला आल्याच होत्या.

"आता ही कशाची सही?"

"उजेडाचीच. पुढची."

कस्तुराबाईंनी आत डोकावून पाहिलं. आत काळंकुट्ट होतं आणि त्यात सिताबाई हातानं चाचपून सुई शोधत होत्या. कस्तुराबाईंनी सही केली नाही. "म्हस खोळंबलीय," म्हणाल्या आणि गेल्या.

चांगल्या कामाचा गवगवा होतोच. गावातल्या एका नागरिक मंचानं 'वीज बचत आदर्श कुटुंब' अशी स्पर्धा ठेवली होती. रामहरींचा अर्ज पाहून परीक्षक हबकले. एवढी घट जिल्ह्यात दुसऱ्या कुणाची नव्हती. दुपारी तीन वाजता सभागृहाचे पडदे ओढून, चाळीस दिव्यांच्या झगझगाटात रामहरींचा सत्कार झाला. शाल, नारळ आणि चमकत्या कागदात बांधलेलं पारितोषिक मिळालं. घरी येऊन कागदावर चिकटवलेला मजकूर वाचला, तर आत बारा एलईडी स्पॉटलाईट होते. पाच वॅटचे, चोकासकट.

 देव पावला म्हणत सिताबाईंनी खोक्याला हात घातला.

"हां, हां! हात लावू नको," रामहरी म्हणाले. "पारितोषिक आहे ते."

ते शोकेसमध्ये गेलं. तिथं लग्नात आहेर आलेला लिंबू सरबताचा सेट होता. त्याच्यावरची चिठ्ठी अडतीस वर्षांत निघाली नव्हती आणि सरबत सगळे स्टीलच्या पेल्यांतून पीत होते. त्याच्या शेजारी, मानचिन्हाच्या उजव्या हाताला, बारा दिवे अंधारात विराजमान झाले.

सिताबाईंनी खोक्याकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं. "धन्य हाय तुमची," एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी वाकळ काखेत मारली, चप्पल घातली आणि त्या शेजारी कस्तुराबाईंच्या ओट्यावर जाऊन बसल्या. तिथं दारावर एक साधा बल्ब लोंबत होता. त्या रोज जाऊ लागल्या.

भाद्रपदात मोनिकाला मुलगा झाला. बाराव्या दिवशी संध्याकाळी बारसं. आळीतल्या बायका जमल्या, पाळणा दिवाणखान्याच्या मधोमध टांगला, फुलांच्या माळा लावल्या. त्या दिसत नव्हत्या, पण वास येत होता. एकीनं ओटी भरली ती भलतीचीच. कुंकू लावताना मोनिकाच्या आत्याच्या नाकाला लागलं. दोघी-तिघींनी मोबाईलच्या बॅटऱ्या लावल्या, तर लेकरू दचकून रडायला लागलं. एका म्हातारीनं पाळण्याची दोरी समजून टीपॉयची झालर धरली आणि गाणं म्हणत बराच वेळ टीपॉय हलवला.

"थांबा गं बायांनो," कस्तुराबाईंचा आवाज आला. "हे बारसं हाय का चोरी? उचला पाळणा!"

पाळणा उचलला गेला. बायका, बाळ, बाळंतीण, घुगऱ्यांचं पातेलं, सगळं लटांबर शेजारच्या ओट्यावर गेलं. दिवाणखान्यात रामहरी एकटे उरले. पलीकडून पाळण्याचं गाणं ऐकू यायला लागलं. बाया हसत होत्या. नाव ठेवलं गेलं. काय ठेवलं ते गोंगाटात त्यांना कळलं नाही. स्वतःच्या नातवाचं नाव त्यांना भिंतीपलीकडून ऐकू आलं नाही.  मग मनाला आधार म्हणून त्यांनी नेहमीच्या जागी हात घातला. फाईल नव्हती. बस्ताही नव्हता.

रामहरी धडपडत शेजारी गेले. ओट्यावर उजेड होता. पाळण्यात वाकळीवर नातू पडला होता, मुठी आवळून, डोळे किलकिले करून. बारा दिवस त्यांनी त्याला दिवेलागणीनंतर अंधारातच मांडीवर घेतलं होतं. तोंड असं पाहिलंच नव्हतं. नाक त्यांच्या आईचं होतं. तसंच बसकं, तसंच रागीट.  बोट पुढं करावं म्हणून ते वाकले आणि त्यांना वाकळीची किनार दिसली. तांबडी. चारी बाजूंनी बारीक, सरळ टाक्यांची. कापड ओळखीचं होतं.

"आगं, हा बस्ता!"

"व्हय," सिताबाई म्हणाल्या. "किनारीला तांबडं कापड पायजे होतं."

"आणि आतले कागद?"

सिताबाईंनी नुसती मान वळवली. ओट्यावर ओळीनं बसलेल्या बायकांच्या हातात घुगऱ्यांच्या पुड्या होत्या. एकीच्या पुडीवर तुलनात्मक तक्ता होता. दुसरीच्या हातात लग्नपत्रिका होती. त्या टीपॉय हलवणाऱ्या म्हातारीच्या वाट्याला 'लाभार्थीचे मनोगत' आलं होतं आणि ती त्यातले हरभरे एकेक करून खात होती.

"मूळ प्रत होती ती!" रामहरी कळवळले.

"पुड्या कमी पडल्या होत्या."

 डोक्यावरच्या बल्बकडं पाहत त्यांनी सवयीनं विचारलं, "कस्तुराबाई, हा बल्ब किती वॅटचा?"

"म्या काय वाचलंय व्हय? दुकानात गेले, म्हणलं बल्ब दे. त्यानं दिला."

"पण कोणत्या आधारावर घेतला?"

कस्तुराबाईंनी त्यांच्याकडं जरा दयेनं पाहिलं. "अंधार पडला म्हणून, बाबा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिताबाईंनीच शंभूला बोलावलं. शोकेस उघडली आणि पारितोषिकाचा चमकता कागद टराटरा फाडला. रामहरी मध्ये आले. "मी यावर सही करणार नाही. आधीच सांगून ठेवतो."

"सही मागितलीय कुणी?" सिताबाई म्हणाल्या. "शिडी धरा. आन् शंभू, हे मागनं. आधी आत चल, चुलीवरचा बल्ब बसव."

रामहरींनी शिडी धरली. तीन महिने चाललेलं प्रकरण पाऊण तासात निकाली निघालं. त्या रात्री भाजीत मीठ जास्त झालं. दहा महिन्यांनी डबा दिसल्यामुळं सिताबाईंचा अंदाज चुकला होता. रामहरींनी ती भाजी मुकाट्यानं खाल्ली.

पुड्या घेऊन गेलेल्या बायकांच्या घरी मात्र वेगळंच घडलं. घुगऱ्या संपल्यावर नवऱ्यांनी कागद उलगडून वाचले आणि सुरवशांना पोट धरून हसले. मग एकजण म्हणाला, "पण पांढऱ्यापेक्षा पिवळा बरा, हे मात्र खरं." दुसरा म्हणाला, "तीन वॅटचा का घेऊ नये?" त्यांनी ते कागद घडी करून जपून ठेवले.

तुम्हीही हसलात. हसा, आमचं काही जात नाही. पण वाचता वाचता पिवळा की पांढरा, पाच की सात, यावर तुमचंही मत तयार झालेलं आहे, खरं की नाही? तेव्हा आता जरा उठा. दिवाणखान्यातल्या छताकडं बघू नका, तिथं सगळं ठीकच असणार. स्वयंपाकघरात जा. ओट्यावरचा तो बल्ब, ज्याला तुम्ही 'रविवारी बघू' म्हणाला होतात, तो लागतो का बघा. तिथं कुणीतरी अंदाजानं मीठ टाकत असेल.